पावा

रस्त्याचं नाव सॅफ्रन लेन. केशराची गल्ली.
वास मात्र बुटांच्या कारखान्यातल्या सरसाचा.
लेस्टरला आलो तेव्हा दिवसा मी मोज्यांच्या मिलमध्ये,
संध्याकाळी सायकलींच्या लाकडी ट्रॅकवर:
झाडू, फडकं, फळ्यांची कुसळं उपटायला चिमटा,
दीड पौंड आणि एक चहा.

जूनमध्ये इटलीहून तो यायचा.
एर्मेस पावानेल्लो. रोव्हिगोकडचा, खाटकाचा मुलगा,
मांड्या अशा की विजार चढवायला कुणीतरी हात द्यावा.
त्या दिवशी बेडफर्डहून सात बसगाड्या निघत.
वीटभट्ट्यांवरची इटालियन माणसं,
नखांत तांबडी माती, चहाच्या थर्मासात दारू,
काळ्या रुमालातल्या म्हाताऱ्या,
आणि एकच आरोळी: पावा! पावा!
मी इचलकरंजीचा. मला वाटे
हे लोक बासरी मागताहेत,
नाहीतर देवाला दटावताहेत, पाव की आता.

वेग त्याच्याकडे होता, पण वेग सगळ्यांकडेच असतो.
लोक यायचे त्याचं थांबणं बघायला.
दोघांच्या शर्यतीत आधी पुढे जातो तो हरतो,
मागचा त्याच्या आडोशाने येतो आणि शेवटी झडप घालतो.
म्हणून दोघंही जात नाहीत.
ब्रेक नसलेल्या सायकलीवर, तिरक्या फळ्यांवर,
पुढचं चाक जरासं चढाकडे वळवून
पावानेल्लो उभा राहायचा.
पाय टेकलेला नाही. हात कशाला धरलेला नाही.
मागावर धोटा मध्येच अडकावा
आणि सूत तुटतंय का म्हणून
अख्ख्या शेडने कान टवकारावेत,
तसे चार हजार लोक.
हौसा एकदाच आली होती.
घड्याळ बघून म्हणाली, एवढ्यात माझा भात झाला असता.
थोड्या वेळाने म्हणाली, आमटीसुद्धा.

बेडफर्डच्या न्हाव्याकडे त्याचा फोटो
मेरीमातेच्या आणि पोपच्या मधोमध.
एका वर्षात तिथे अकरा एर्मेस जन्मले म्हणे,
त्यातली एक मुलगी.
शाळकरी इंग्रज पोरी मनगटावर सही घेत
आणि आठवडाभर आंघोळ टाळत.

शेवटच्या जूनमध्ये समोर होता
ओल्डहॅमचा एकोणीस वर्षांचा डेरेक ऑग्डन, मुरुमांनी भरलेला.
दोघं थांबले. चार मिनिटं. नऊ. सतरा.
पोराचा धीर सुटला, तो निघाला.
पावानेल्लो निघाला नाही.
घंटा झाली, पोरगा एकटाच फिरून रेषा ओलांडून आला,
हा तिथेच, चाक वळवलेलं, पुतळ्यासारखा.
आधी शांतता. मग टाळ्या.
जिंकलेल्याला इतक्या कधी मिळाल्या नव्हत्या.
सकाळच्या पेपरात छापून आलं:
राजाने मुलाच्या हाती गादी दिली.
म्हाताऱ्या रडल्या. न्हाव्याने फोटोला हार घातला.

मी रात्री फळ्या पुसत होतो.
तो काठावर बसला होता, बूट काढून.
त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, फाटकं.
गुडघ्यावर थाप मारून म्हणाला,
मी सांगितलं, जा. हे गेलेच नाहीत.
मग हसला, आणि बोट ओठांवर ठेवलं.
मी चिमटा खिशात टाकला.
ही गोष्ट मी हौसालाही सांगितली नाही.

ट्रॅक कुजला. पाडला. तिथे घरं झाली.
तिसऱ्या वळणाच्या जागी आता कुणाचं तरी स्वयंपाकघर असेल,
कुणाचा तरी भात शिजत असेल, न मोजता.
काल सिग्नलला, पिशवीत दुधाची बाटली घेऊन मी,
आणि शेजारी पिझ्झा पोचवणारा पोरगा,
सायकलीवरून पाय न टेकता उभा,
पुढचं चाक जरासं वळवून.
मी मोजायला लागलो.
सहापर्यंत गेलो असेन,
तेवढ्यात मेला सिग्नल हिरवा झाला.